आईला रोज संध्याकाळी वाचून दाखवते. ह्याला माझं वाचन म्हणायचं का?

ओसरी

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे.

माझी आई ८१ वर्षांची. जन्मभर वाचत आली. नवी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं ठेवायला जागा नव्हती आणि विकत घ्यायला पैसेही नव्हते. पण ग्रंथालयाची दोन कार्डं होती, एक तिच्या नावाचं, एक बाबांच्या. दोन्हींवर पुस्तकं तीच आणायची. कुकरच्या तीन शिट्ट्या होईस्तोवर चार पानं, दूध उतू जायच्या आत दोन, असं तिचं वाचन. गेल्या दीड वर्षात तिच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्याला मॅक्युलर डिजनरेशनचा त्रास झाला. ह्यात कडेचं दिसत राहतं आणि मधलं जातं. घरात ती कुणाच्या आधाराशिवाय वावरते, दारात कोण आलंय ते चालीवरून ओळखते, पण ज्या अक्षराकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं. भिंग आणलं, मोठ्या टायपाची पुस्तकं आणली. आता म्हणते, "अक्षर शोधण्यातच दमते गं, वाचू कधी?"

म्हणून गेले अडीच महिने मी ऑफिसातून आले की साडेसात ते सव्वाआठ तिला वाचून दाखवते. सुरुवात केली ती कर्तव्य म्हणून. आता दुपारी चारपासूनच माझं लक्ष घड्याळाकडे असतं.

विचारायचं आहे ते असं. मोठ्याने वाचायला काय चांगलं? माझ्या आवडीच्या काही कादंबऱ्या तोंडात अगदी जड जातात. दुसरं, गेल्या आठवड्यात एका कादंबरीत नवराबायकोच्या रात्रीचं वर्णन आलं. आईसमोर वाचवेना, दीड पान गाळून पुढे गेले. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "पानं चिकटली होती का?" अशा वेळी तुम्ही काय करता?

आणि खरा प्रश्न वर लिहिलाच आहे. स्वतःसाठी मुकाट वाचायला आता मला वेळ उरत नाही. पंचेचाळीस मिनिटांचं हे जे काही चालतं, ते तिचं वाचन की माझं?

झोपाळा

"पानं चिकटली होती का?" 😄 तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. ८१ वर्षांच्या वाचक बाईला काय नवीन असणार आहे त्यात? गाळू नका.

दुपारचा चहा

ओसरीताई, मी सासऱ्यांना सहा वर्षं वाचून दाखवलं, तेव्हा ह्या विषयावर चार गोष्टी मला नक्की माहीत आहेत.

मी घड्याळ लावून पाहिलं होतं. साध्या छपाईच्या एका पानाला अडीच मिनिटं लागतात. म्हणजे तुमच्या पाऊण तासात अठरा पानं, आणि तीनशे पानांची कादंबरी सतरा दिवस चालते. सतरा दिवस तीच माणसं घरात येत-जात राहतात. आम्ही जेवताना त्यांच्यावर बोलायचो. "तो धाकटा भाऊ मला काही सरळ वाटत नाही," असं सासरे आमटी वाढून घेता घेता म्हणायचे. मुकाट वाचून दोन रात्रींत संपवलेल्या पुस्तकातली माणसं अशी मुक्कामाला येत नाहीत.

काय वाचावं, तर ज्यात माणसं बोलतात ते. ग्रामीण कथा उत्तम, कारण ती मुळात कुणीतरी सांगितल्यासारखीच लिहिलेली असते. आत्मचरित्रं उत्तम, विशेषतः बायकांची जुनी आत्मचरित्रं. त्यांतली वाक्यं स्वयंपाकघरात बोलल्यासारखी लहान असतात. प्रवासवर्णनं मध्यम. ज्यात एकेक वाक्य सात ओळी चालतं आणि क्रियापद शेवटी सापडतं, ते सोडून द्या. डोळा मागे जाऊन कर्ता शोधून आणतो, कानाला मागे जाता येत नाही.

रोज वाचण्याआधी पुढची चार पानं स्वतः नजरेखालून घाला. कुठे श्वास घ्यायचा ते कळतं आणि चिकटलेल्या पानांचाही अंदाज येतो.

एकांत

इथे माझं मत वेगळं आहे, आणि धागाकर्तीला दुखवायचा हेतू अजिबात नाही.

तुम्ही करताय ती मोठी सेवा आहे. पण ते वाचन नव्हे. वाचन म्हणजे एक माणूस आणि एक पान. तिसरं कुणी आलं की ते मोडतं. मी लहानपणी चाळीत सात माणसांत राहिलो. मला पुस्तकाने सगळ्यात आधी काय दिलं असेल तर ते दार लावून घ्यायला. खरंखुरं दार नव्हतंच, पुस्तक डोळ्यांसमोर धरलं की तेच दार. आपल्या गतीने वाचणं, आवडलेल्या ओळीवर दहा मिनिटं थांबणं, कंटाळा आला तर वीस पानं उडवणं, हा हक्क दुसऱ्याला ऐकवताना राहत नाही. तुमचं मुकाट वाचन बंद पडलंय हे मला काळजीचं वाटतं. आईंसाठी श्राव्य पुस्तकं लावून द्या. हल्ली मराठीत कसलेल्या नटांच्या आवाजात भरपूर मिळतात. आणि तो पाऊण तास स्वतःसाठी ठेवा.

पोळपाट

एकांत, तुमचा प्रतिसाद पटला नाही तरी फार आवडला. ते दाराचं खरं आहे.

ओसरी

एकांत, दुखावले नाही. तुम्ही म्हणता ते मी स्वतः कधीतरी लिहिलं असतं.

श्राव्य पुस्तकं लावून पाहिली. पहिल्याच दिवशी आई म्हणाली, "हा माणूस फार छान वाचतो, पण ह्याला थांब म्हणता येत नाही." ती मला सारखी थांबवते. "परत वाच ते." "ह्या बाईचं माहेर कुठलं म्हणाली होती?" एकदा अर्ध्या पानावर थांबवून तिने तिच्या आत्याची गोष्ट सांगितली, जी मी पंचावन्न वर्षांत कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी पुस्तक तिथेच राहिलं.

बोरू

ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

निवृत्तीनंतर मी मोडी शिकलो. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी सुरू केलेलं, तिथल्या वर्गात. कागद वाचणं हा आता माझा रोजचा छंद आहे, सकाळी दोन तास. मोडी लिहिणारा आधी पानभर रेघा ओढून घ्यायचा आणि मग त्या रेघेला अक्षरं टांगत जायचा. शब्दाशब्दांत जागा सोडायची नाही. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं. बोरू शक्य तितका कमी उचलायचा, कारण हात थांबला की वेग गेला.

आता असा कागद मुकाट वाचून पाहा. नुसती अक्षरांची माळ दिसते. पहिले दोन महिने मी भिंग घेऊन डोळे फोडत बसलो होतो. मग शिकवणारे म्हणाले, "काका, तोंडाने वाचा." आणि मोठ्याने म्हणायला लागल्यावर शब्द आपोआप सुटे झाले! कुठे तोडायचं ते जिभेला कळतं, डोळ्याला नाही. 'पावलेपाहिजेत' हे डोळ्याला एक अगम्य गाठोडं दिसतं. तोंडाने म्हटलं की लगेच 'पावले पाहिजेत'. एकदा तर गावाकडच्या एका पत्रातलं वाक्य मी चार दिवस लावत होतो. शेवटी बायको आतून म्हणाली, "अहो, 'बैल मागून पाठवला' म्हणतोय तो." तिला मोडीचं एक अक्षर येत नाही, ती नुसती ऐकत होती.

सांगायचं इतकंच की मुकाट वाचणं हेच मूळ वाचन आणि मोठ्याने वाचणं ही त्याची सोय, हे एकांत यांचं म्हणणं निदान आपल्याकडे तरी उलटं आहे. पत्र आलं की ते दरबारात वाचून दाखवायचे. पोथी सोडली की आळीतल्या बायका येऊन बसायच्या. ओवी तर कानासाठीच घडलेली आहे. अक्षर न येणारी माझी आजी पोथीतल्या शेकडो ओव्या म्हणायची. ती वाचक नव्हती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मुळाकाठ

बोरूसाहेब, आजीवरून आठवलं म्हणून लिहितो. जरा लांब होईल, माफ करा.

१२ जुलै १९६१, पानशेत फुटलं तो दिवस. मी सात वर्षांचा होतो. आमचं घर नारायण पेठेत, नदीपासून फार लांब नव्हे. सकाळी हाकाटी झाली तशी आम्ही नेसत्या कपड्यांनिशी पर्वतीकडे निघालो. परत आलो तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या, आत गुडघाभर चिखल. आजोबांची पुस्तकं एका शिसवी कपाटात होती. कपाट पाण्याने फुगून दार उघडेना, ते पहारीने फोडावं लागलं. पुस्तकं आत विटांसारखी झाली होती.

त्यातली निम्मी गेली. उरलेली आजोबांनी ओळखीच्या एकांच्या गच्चीवर वाळत घातली. पावसाळ्याचे दिवस, त्यामुळे पाऊस आला की आम्ही पोरं धावत जाऊन ती जिन्यात आणायचो आणि उघडला की परत वर न्यायचो. पानांत राख आणि टीपकागद घालून आजोबा एकेक पान सुरीच्या टोकाने सोडवायचे. काही सुटली, काही फाटली, काही कायमची एकमेकांना धरून बसली.

त्या सगळ्यांत जुन्या मासिकाचा एक बांधीव खंड होता. त्या वर्षी दिवे येईपर्यंत रोज संध्याकाळी आजोबा कंदिलाशी बसून आम्हा भावंडांना त्यातल्या गोष्टी वाचून दाखवत. चिकटलेली पानं आली की ते पुस्तक मांडीवर पालथं घालायचे आणि तो भाग तोंडाने सांगायचे. त्यांनी तो खंड इतक्या वेळा वाचला होता की त्यांना आठवत होतं, निदान आठवतंय असं ते म्हणायचे. मोठेपणी दुसरी प्रत मिळवून मी ताडून पाहिलं. एका गोष्टीचा शेवट त्यांनी बदलला होता. मूळ गोष्टीत मुलगा घरी परतत नाही. आजोबांनी त्याला परत आणला होता. आमच्या आळीतली एक-दोन माणसं तेव्हा अजून सापडली नव्हती.

तो खंड आजही माझ्याकडे आहे.

झोपाळा

मुळाकाठ काका, ह्याच्यापुढे काय लिहू.

पोळपाट

काका, हे सविस्तर वेगळ्या धाग्यात लिहाच. पूर पाहिलेल्या माणसांनी लिहून ठेवायला हवं.

शनिपार

ओसरीताई, एक कामाची माहिती. तुम्ही रोज नवीन काय वाचू म्हणता तर ग्रंथालयाचं सभासदत्व पुन्हा चालू करा, आणि आईंच्या नावानेच करा. लक्ष्मी रस्त्यावरचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे. लोकहितवादींच्या पुढाकाराने 'पूना नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालं. तुम्हाला जवळ पडेल ते नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, तेही १९११ पासूनचं. दोन्हीकडे काउंटरवरच्या मंडळींना "ऐकवायला काय देता?" असं सरळ विचारा. कपाटात कुठलं पुस्तक किती वेळा बाहेर गेलं आणि कुठल्या वयाचे लोक नेतात, हे त्यांना पाठ असतं. मला आजवर तिथल्या शिफारशीने मिळालेली पुस्तकं कुठल्याही यादीपेक्षा सरस निघाली. बऱ्याच खासगी वाचनालयांची घरपोच सेवाही असते, पण आईंना चालवत असेल तर त्यांना बरोबर न्या. कपाटांचा वास तरी घेतील.

टेकडीवाला

अवांतर वाटेल, पण नाही.

माझा छंद पक्षी. गेली तीस वर्षं रविवारी वेताळ टेकडी, हिवाळ्यात एखाद्या पहाटे लोणी काळभोरजवळ कवडीला चक्रवाक बघायला. आमच्या गटात एक काका आहेत, वय ७६. काचबिंदूने त्यांची नजर पार गेली. सगळ्यांना वाटलं, आता ह्यांचं येणं थांबणार. ते येतात. पुतण्याचा हात धरून चढतात, वर आल्यावर एका ठरलेल्या दगडावर बसतात आणि आम्हाला सांगतात, "तांबट, डावीकडे, लांब." तांबटाची टुकटुक कुणीही ओळखेल, भारद्वाजाचं कुपकुप आणि पावशाचं 'पेरते व्हा'ही. पण शिंपी आणि वटवट्या ह्यांच्या आवाजांतला फरक ते ज्या खात्रीने सांगतात, ती आम्हा दुर्बीणवाल्यांकडे नाही. मागच्या जूनमध्ये त्यांनी आमच्यापेक्षा पाच जाती जास्त नोंदवल्या. वही पुतण्या लिहितो.

त्यांचा छंद गेला का? माझ्या मते तो डोळ्यांतून कानांत आला, एवढंच. आणि पुतण्याला आधी चिमणी आणि साळुंकी सोडून काही माहीत नव्हतं, तो आता एकटाही येतो. ओसरीताई, तुमच्या "तिचं की माझं" ह्या प्रश्नावर मला तो पुतण्या आठवला.

पोळपाट

छंदांवरून विषय निघालाच आहे तर माझीही गोष्ट. आमच्या वेळी स्थळाच्या माहितीत 'छंद : वाचन, संगीत, प्रवास' हे ठरलेलंच असायचं. 'स्वयंपाक येतो' इतकाच त्याचा अर्थ. 😄 १९९४ साली आमच्याकडे एक मुलगा बघायला आला. पोहे झाले आणि त्याने विचारलं, "वाचन लिहिलंय, तर सध्या काय वाचताय?" आमच्या घरात शांतता. असं कुणी विचारत नसे. मी आत गेले आणि उशाखालचं पुस्तक आणून त्याच्या हातात दिलं. त्याने खूण होती ते पान उघडलं आणि तिथूनच मोठ्याने वाचायला लागला, दोन्हीकडच्या मंडळींसमोर, एक अख्खं पान. मग म्हणाला, "पुढचं तुम्ही सांगा, म्हणजे मला पुस्तक शोधावं लागणार नाही."

लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी पोळ्या लाटते तेव्हा तो ओट्याशी स्टूल टाकून वाचतो. वीस पोळ्या म्हणजे एक मध्यम कथा.

ओसरीताई, ह्यातून एक सांगते. ऐकणाऱ्याच्या हातांना काम हवं. नुसतं बसून ऐकलं की आठव्या मिनिटाला डोळा लागतो. तुमच्या आईंना वाती वळायला द्या, मटार सोलायला द्या, विणकाम येत असेल तर सुया द्या. सुयांना नजर लागत नाही, बोटांना टाके कळतात.

दुपारचा चहा

हातांना काम, ह्याला शंभर टक्के अनुमोदन. सासरे सुपारी कातरायचे.

बोरू

सुपारीवरून एक भर. बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचं कपाट बघा एकदा. दिनकर केळकर (जन्म १८९६) गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती, कुलपं, पेटारे गोळा करत राहिले. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली तो सगळाच्या सगळा शासनाच्या स्वाधीन केला. एका माणसाच्या छंदातून काय उभं राहतं ते तिथे कळतं. मी नातवाला नेलं होतं, तो दौतींसमोरून हलेना.

लेखनिक

बारा वर्षं मी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करते आणि परीक्षेत लेखनिक म्हणून बसते. म्हणून थोडं कामाचं बोलते.

पहिली गोष्ट, ओसरीताई, तुम्ही वाचता ते फोनवर मुद्रित करून ठेवा. तुम्ही गावाला गेलात तर आईंना ऐकता येईल. ह्यात कायद्याची अडचण नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुलभ स्वरूपातली प्रत करायला स्पष्ट सवलत आहे, फक्त ती धंद्यासाठी नको. ह्याच विषयावरचा २०१३ चा माराकेश करार जगात सर्वांत आधी मंजूर केला तो भारताने, २०१४ साली.

दुसरी गोष्ट, आणि इथे कुणाला राग येईल. अभिनय करू नका. नवीन वाचणारे लोक म्हातारीचा आवाज काढतात, खलनायकाचा घोगरा काढतात. माझ्या एका विद्यार्थ्याने मला सरळ सांगितलं, "मॅडम, तुम्ही रडू नका. मला रडायचं की नाही ते मी ठरवतो." त्या दिवसापासून मी सपाट नाही पण सरळ वाचते. पानाचा आकडा सांगते, परिच्छेदानंतर श्वासभर थांबते, अवतरणचिन्ह आलं की आवाज किंचित वर. बस.

दुपारचा चहा

लेखनिकताई, अभ्यासाच्या पुस्तकांना ते ठीक. पण गोष्टीला? सासरे मुद्दाम मागायचे, "तो सावकार कालच्यासारखा वाच." आवाज बदलला नाही तर चार भावांच्या संवादात कोण बोलतंय ते कळतच नाही.

लेखनिक

कोण बोलतंय ते कळण्यापुरता बदल हवाच, तो मीही करते. पण त्याचा स्वभाव माझ्या आवाजातून आधीच कळायला नको. सावकार वाईट आहे हे ऐकणाऱ्याला चाळिसाव्या पानावर कळणार असेल तर पहिल्या पानावर घोगरा आवाज लावून मी ते फोडते.

दुपारचा चहा

हं. हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही सासऱ्यांचा सावकार मी सोडला नसता. ❤️

नवथर

माझा मुलगा सहा वर्षांचा, वाकडमध्ये राहतो आम्ही, शाळा इंग्रजी. त्याला मराठी ऐकवायला काय आणू? धाग्याशी संबंधित आहे असं समजून विचारतो.

शनिपार

नक्कीच संबंधित. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं. जुने अंक बालभारतीने महाजालावर मोफत ठेवले आहेत. चित्रंसुद्धा बघण्यासारखी. रोज रात्री एक गोष्ट. आणि सुट्टीत पाचगणीजवळच्या भिलारला न्या. २०१७ पासून तिथे गावातल्या घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसा आणि वाचा.

पोळपाट

'कुणाच्याही ओसरीवर', इथे तर आपण सगळे एकाच ओसरीवर बसलोय! 🙂

एकांत

चार दिवस हा धागा वाचतो आहे.

माझं मूळ म्हणणं मी मागे घेत नाही. एकट्याने, मुकाट, आपल्या गतीने वाचण्याची जागा दुसरं काही घेऊ शकत नाही, आणि ओसरीताईंनी आठवड्यातून निदान एक सकाळ ती स्वतःसाठी राखावी असं मला अजून वाटतं. पण बोरू यांच्या प्रतिसादानंतर काल रात्री मी दार लावून माझ्या सगळ्यात आवडत्या पुस्तकाचं एक पान मोठ्याने वाचलं. ते पुस्तक मी सात-आठ वेळा वाचलं आहे. त्या पानावर एक वाक्य आहे जे मला नेहमी नीरस वाटायचं, मी त्यावरून घसरून पुढे जायचो. काल ते तोंडातून गेलं तेव्हा कळलं की ते मुद्दाम संथ केलं आहे, कारण त्याच्या पुढच्या वाक्यात माणूस मरतो. आठ वेळा मी ती पायरी चुकवली होती.

अजून एक. शेजारच्या खोलीतून वडील म्हणाले, "कोण आलंय?" म्हटलं, "कुणी नाही, वाचतोय." तर म्हणाले, "मग जरा मोठ्याने वाच."

टेकडीवाला

एकांत, 🙏

झोपाळा

दिवाळी अंकांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? ऐकवायला त्याहून सोयीचं काही नाही. एका बैठकीत एक कथा, एक लेख, वर चार व्यंगचित्रं समजावून सांगायची मजा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर अंक येतोच. वाचनालयात एकदाच ठरावीक रक्कम भरली की हंगामभर अंक बदलून मिळतात. आईंना अनुक्रमणिका वाचून दाखवा आणि त्यांनाच निवडू द्या.

ओसरी

धाग्याला दोन महिने होऊन गेले, पण तुम्हा सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

ग्रंथालयाचं कार्ड आईच्या नावाने पुन्हा काढलं. ती स्वतः आली, जिने चढली. कपाटांपुढून हात फिरवत चालली आणि काउंटरवर म्हणाली, "मला ऐकायला पुस्तक हवं, जाड चालेल, वेळ आहे." पोळपाट, वाती वळणं सुरू आहे. आता आमच्या अख्ख्या इमारतीला पुरतील इतक्या वाती आहेत. लेखनिकताई, मी फोनवर मुद्रित करते. मी नागपूरला गेले होते तेव्हा तिने तेच पुन्हा ऐकलं. आल्यावर म्हणाली, "मधे माझा आवाज येतो त्यात. मी किती बोलते गं!" तरी तिला ते काढून टाकायचं नाही.

एकांत, रविवारची सकाळ मी स्वतःसाठी ठेवली आहे. गच्चीत बसते, कुणाशी बोलत नाही. पण आता मुकाट वाचताना एखादं वाक्य आवडलं की माझी पेन्सिल समासात आपोआप 'आ' लिहिते. आईला वाचून दाखवायचं.

आणि ती दीड पानं. परवा ती कादंबरी परत करायची होती. आई म्हणाली, "त्याआधी मधली राहिलेली वाचून दाखव." मी वाचली, सरळ, लेखनिकताई म्हणतात तशी. ती वात वळत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बिचारी. नंतर ती माहेरी का जाते ते मला तेव्हा समजलंच नव्हतं." सगळ्या कथेचं कारण त्या दीड पानांत होतं आणि मी ते तिच्यापासून काढून घेतलं होतं. आता काही गाळत नाही.

सध्या हातातलं पुस्तक गुरुवारी संपेल. पुढे जुनं काहीतरी हवं म्हणते आहे, तिच्या लहानपणी मासिकांतून यायच्या तशा गोष्टी.

मुळाकाठ

ओसरीताई, आमचा तो बांधीव खंड घेऊन जा. पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवतो, घर नारायण पेठेतच आहे. हळू उघडा, पुठ्ठा सुटला आहे. मधली सतरा पानं चिकटलेली आहेत. त्या गोष्टीपाशी पोचलात की फोन स्पीकरवर टाका, ती मी आईंना तोंडी सांगेन. शेवट दोन्ही सांगेन, छापलेला आणि आजोबांचा.